पदराखालचा बल्ब

आमच्या खोलीचं बटन आमच्या खोलीत नव्हतं. ते घरमालकाच्या वसरीत होतं, अन् तेई दिसन असं नाई, खुंटीवर टांगलेल्या सुपाच्या मांगं. दिवेलागनीले म्या दारातून आवाज द्यावं, आबाजी, दिवा, मंग आबाजीनं उठावं, सूप सरकवावं अन् बटन दाबावं. लगन होऊन वडनेरले आली तवा मले वाटलं बुढा वीज वाचवून राह्यला. तसं नव्हतं. त्याइचं म्हननं होतं, जे दिसते ते चोरीले जाते. म्हून घरातलं सारं लपवलेलं. चायपत्ती ज्वारीच्या कोठीत. दाढीचं सामान चुलीमांगच्या कोनाड्यात. घराची चावी चिमनीच्या खोप्यात. एका साली चिमनीनं खोप्यात अंडे देल्ले तं आबाजी महिनाभर कडी न लावता फिरले, पन खोप्यात हात नाई घातला. लोकाइनं म्हनलं मिस्त्री, आता चोर नाई येत का, तर म्हने, चोराले काय मालूम कडी उघडी हाय, कुलूप तर लटकूनच हाय.

आबाजी मी म्हनो, बाकी सारे मिस्त्री म्हनत. गाड्याइच्या वायरिंगचं काम. घरापुढं टिनाचा मांडव, मांडवासमोरून हैद्राबादचा मोठा रोड, टरक बिघडला का तिथंच येऊन उभा राहे. त्याइची बायको पहिलेच गेलती, एक पोरगी नाचनगावले देल्ली. मी अल्लीपूरची, चौथी पास, पाचवीत गेली अन् सोडली. माह्या पोरीचे बाबा, म्हनजे आमचे हे, पाटलाच्या मोटारीवर डायवर होते, अजूनही हाय. गावात मोटार एकच, पाटलाची, अन् तिची नस आबाजीच्या हातात.

त्याचं कारन ऊन. वैशाखात आमच्याकडं पेट्रोल टाकीतून इंजनापर्यंत येता येताच त्याची वाफ होऊन जाते अन् गाडी मधातच बसते. सारे डायवर इंजनावरच्या पंपावर ओला फडका टाकत, संगं पान्याचं मडकं ठेवत, अर्धा कोस चालवलं का उतरून फडका भिजवत. आबाजीले ते पाहवेना. त्याइनं पाटलाच्या गाडीचा इंजनावरचा पंपच काढून फेकला, भंगारातल्या जुन्या विलायती गाडीचा बिजलीचा पंप आनला, तो मांगं टाकीपाशी खालून बसवला अन् त्याले हॉर्नची रिले जोडली. रिले म्हनजे काय हे मले तवा काई मालूम नव्हतं. आगपेटीएवढी डबी असते. चावी फिरवली का डबीत टक् वाजते, मंग करंट पंपाले जाते, मंग पंप पेट्रोल वढते. टक् नाई तर पंप नाई, पंप नाई तर गाडी म्हनजे नुसती बैठक, असं आबाजी म्हनत.

अन् ही डबीही ते लपवत. हरेक गाडीत वेगळ्या जागी. लपवताना मालकाले म्हनत, तोंड फिरवा. मालकाचं तोंड तिकडं अन् आबाजी गाडीत पाय वर करून काईतरी करून राह्यले. पाटलाच्या गाडीत मांगच्या सीटखाली काथ्यात होती, पाटलीनबाई बरोबर तिच्यावर बसत अन् त्याइले मालूमच नव्हतं. एकदा हिंगनघाटच्या एका वकिलाची गाडी बंद पडून आली, रिले पाहाची होती, अन् आबाजीले आठवेच ना आपन ती कुठं ठेवली. सकाळपासून वकील चावी फिरवून राह्यले अन् आबाजी साऱ्या गाडीले हात लावून राह्यले, दारं, बसाची जागा, खाली चटई, जसा वैद नाडी पाहाते तसे. टक् आयकू ये पन कुठून ये समजे ना. वकील तापले, म्हने, मिस्त्री, तुमीच लपवली ना. तर आबाजी शांतपनं म्हने, म्याच लपवली, म्हून तर सापडून नाई राह्यली, दुसऱ्यानं लपवली असती तर कवाच काढली असती. दुपारी सापडली. छपराच्या कापडात, आतल्या दिव्याच्या मांगं.

मले कामात कधी घेतलं ते सांगते. रिले नुसती वाजून भागत नाई. आतले दोन टोकं जळून गेले तं वाजते पन करंट पुढं जाऊ देत नाई. म्हून दोन वायराले जोडलेला एक बल्ब असतो. एक वायर गाडीच्या लोखंडाले, दुसरं रिलेच्या टोकाले लावाचं. पहिले करंट येते त्या टोकाले, मंग जाते त्या टोकाले. दोन्हीकडं बल्ब पेटला तर रिले चांगली, मंग खोट पुढं पंपात. येते तिथं पेटला अन् जाते तिथं नाई पेटला तर रिले मेली. पन भर दुपारी त्या मांडवात बल्ब पेटला का नाई हे कोनाच्या बापाले समजत नाई, एवढा उजेड. तं आबाजीनं एक दिवस मले आवाज देल्ला, म्हने, माय, जरा पदर आन. म्या गेली. त्याइनं बल्ब माह्या हातात देल्ला अन् म्हनलं, पदराखाली घे अन् पाहून सांग. म्या डोक्यावरून पदर पुढं वढला, बल्ब आत घेतला, मांडवातले दोन डायवर हासाले लागले. आतमधी अंधार, मी अन् बल्ब. मले बिजलीचं लय भेव. मंग पेटला. म्या म्हनलं, पेटला आबाजी. ते म्हने, बस.

तवापासून रोजचं झालं. भाकर टाकता टाकता हाक आली का हात पुसून जावं, पदरात डोकं घालावं, पेटला, नाई पेटला, परत चुलीपाशी. सासू असती तं जाऊ नसतं देल्लं. सासू नव्हती.

पहिले मले वाटे आबाजी माही परीक्षा घेऊन राह्यले. सांग माय, हे वायर कोनतं. लाल. अन् हे. हिरवं. शाबास. शाळेत मास्तरनं मले कधी शाबास नाई म्हनलं, मी खुश होऊन जाय. एक दिवस चुलीवर दूध होतं, माहं ध्यान तिकडं, म्या जांभळ्याले काळं म्हनलं अन् आबाजीनं मुकाट्यानं तेच जोडलं. टरकचा हॉर्न असा बोंबलाले लागला का थांबेच ना. रोडवरच्या बकऱ्या उधळल्या, बकरीवाली शिव्या देत मांगं धावली. आबाजी ते वायर शोधून राह्यले, अन् वायर त्याइच्या नाकासमोर, अन् हात भलतीकडं. तवा मले समजलं. वैशाखाच्या दुपारी हा मानूस काऊन म्हनते का आभाळ आलं वाटते, ते समजलं. रस्त्यानं कोनी गेलं का आंधी खाकरून पाहाते, तो बोलला का मंग त्याचं नाव घेते, ते समजलं. दूध तिकडं उतू गेलं. म्या वायर काढून त्याइच्या हातात देल्लं अन् म्हनलं, आबाजी, हे जांभळं हाय, म्या चुकली.

त्याइनं ते वायर चाचपून वेगळं ठेवलं. मंग म्हने, "चुकत जाऊ नको माय. आता माहं सारं तुह्यावर हाय."

बस, एवढंच. डोळ्याची गोष्ट ना त्याइनं काढली ना म्या. गावात कोनाले मालूम झालं असन तरी कोनी तोंडावर म्हनत नव्हतं, कारन काम बिघडत नव्हतं.

मंग माही पोरगी झाली. बाळंतपनाले मी अल्लीपूरले गेलती. सव्वा महिना झाल्यावर पोरीचे बाबा न्याले आले अन् पाहते तं काय, पाटलाची मोटार घेऊन. माहा जीवच उडाला. म्हने, पाटील रेलगाडीनं नागपूरले गेले दोन दिवस, उन्हाचं लेकरू यष्टीत कसं नेनार. मी बसली. खोटं काऊन बोलू, मले बरं वाटलं, मोटारीत मी पहिल्यांदा बसली होती. शेतातून जवळचा रस्ता म्हून त्याइनं कोरड्या नाल्यातून गाडी घातली अन् मधात मांगून खट् असा आवाज आला. उतरून पाह्यलं. पंपालेई आबाजीनं पत्र्याचा डबा करून झाकलं होतं, त्या डब्याले गोटा लागून तो आत दबला होता. डब्याले पोचे तं पहिलेचेच होते, बाहेरून पाहनाऱ्याले काई समजलं नसतं, पन खोलला असता तर समजलं असतं. गाडी चालली. मले गावाबाहेर उतरवून देल्लं, मी पोरीले घेऊन पायी आली. आबाजीनं इचारलं, यष्टीनं आली का माय. म्या हो म्हनलं.

तीन दिवसानं पाटील घरच्याइले घेऊन एका लग्नाले निघाले अन् गाडी रस्त्यात बसली. बारा वाजता, झाड ना झुडूप. पाटलीनबाई उन्हात बसल्या. मंग कोनाची तरी बैलजोडी जुंपून मोटार वढत आबाजीच्या मांडवात आनली. बैल पुढं, मांगं मोटार, तिच्या मांगं अर्धं गाव. पोरीचे बाबा गाडीसंगं चालत आले, तोंडावर रक्त नाई.

पाटील काई ओरडले नाई. ते ओरडत नाईत. खाटेवर बसले, पानी पेले, अन् म्हने, "मिस्त्री, कोनी म्हनते माही गाडी अल्लीपूरच्या नाल्यात पाह्यली. खालून गोटा लागून पंप बिघडला असन तर मले सांगजो. मंग याची डायवरकी आजच संपली."

याच्या आंधीच्या डायवरले त्याइनं असंच काढलं होतं. त्याले मंग हिंगनघाटपर्यंत कोनी गाडीले हात लावू देल्ला नाई, तो बिचारा आता गिट्टी फोडाले जाते. मले तो मानूस डोळ्यासमोर दिसला, अन् खोलीत पोरगी झोक्यात रडून राह्यली, अन् आबाजीनं हाक देल्ली, "माय, पदर आन."

म्या गेली.

आबाजीचा कायदा होता, पहिले रिले मंग पंप, पहिले वरचं मंग खालचं. त्याइनं सीट काढाले लावली, काथ्यात हात घातला, डबीवर बोट ठेवलं. पोरीच्या बाबाइनं चावी फिरवली. टक्. साऱ्याइनं आयकलं. पाटील म्हने, वाजली तं हाय. आबाजी म्हने, "वाजते म्हून चालते असं नाई, पाटील. आपल्या गावात सारेच वाजतात." दोघं तिघं हासले. पाटील नाई हासले.

म्या पदर पुढं वढला, बल्ब आत घेतला. येते त्या टोकाले आबाजीनं वायर लावलं. पेटला. म्या म्हनलं, पेटला. मंग जाते त्या टोकाले लावलं.

पेटला. चांगला पिवळा, भक्क पेटला. म्हनजे रिले चांगली हाय, म्हनजे खोट पंपात हाय, म्हनजे आता आबाजी गाडीखाली जातीन, डबा खोलतीन, अन् झालं. त्याच पदराखाली मी पोरीले पाजो. त्या बल्बाच्या उजेडात मले माहेच हात दिसून राह्यले. आबाजी म्हने, सांग माय.

म्या म्हनलं, "नाई पेटला."

आबाजीनं वायर तसंच धरून ठेवलं. म्हने, बराबर पाह्य. म्या परत म्हनलं, नाई पेटला आबाजी. मंग त्याइनं वायर काढलं, तवा कुठं तो इझला, अन् त्याइनं हात पुढं केला. म्या पदर काढून बल्ब त्याइच्या हातात देल्ला. वायर गुंडाळाले घेतात तसं त्याइनं वायर गुंडाळलं अन् बल्ब मुठीत घेतला. अन् त्याइची मूठ थांबली. मले तवा समजलं मी काय करून बसली. इतका वेळ पेटलेल्या बल्बाची काच चटका बसन अशी तापते. माह्या बोटाले ती आच लागत होती अन् मी तशीच देऊन बसली. त्याइचा अंगठा काचेवर होता. त्याइनं तो काढला नाई. माह्याकडं तोंड केलं, पाहाले तं येत नव्हतं, पन तोंड केलं. मले वाटलं आता बोलतीन.

त्याइनं पाटलाकडं तोंड फिरवलं. म्हने, "रिले गेली. म्याच बसवली होती. माही चूक."

पाटील खाटेवरून उठले. म्हने, "तुही नाई, माहीच चूक. आंधळ्याच्या हातात गाडी देल्ली."

असं साऱ्या गावासमोर त्याइले कोनी पहिल्यांदा म्हनलं. आबाजीनं बल्ब खिशात ठेवला अन् म्हने, गाडी राहू द्या, सकाळी न्याले पाठवा. पाटील गेले, गाव गेलं. पोरीचे बाबा मांडवाच्या खांबाले धरून खालीच बसले.

लोकं गेल्यावर आबाजीनं पोतं अंथरलं अन् एकटे गाडीखाली गेले. डबा खोलल्याचा आवाज आला, मंग बारीक ठोकल्याचा, मंग लय वेळ काईच नाई. मी पोरीले पाजत दारात बसून होती. दिवस कलला तवा ते निघाले, डोक्यापासून पायापर्यंत माती. चावी फिरवाले लावली, पंप टकटक कराले लागला, गाडी चालू झाली. पोरीच्या बाबाले एवढंच म्हने, नाल्यात गाडी आस्ते काढत जा. पोरीच्या बाबाले वाटलं आबाजीनं आपल्यासाठी झाकलं. पदराखाली काय झालं हे त्याइले अजून मालूम नाई.

मले त्याइनं त्या दिवसापासून हाक देल्ली नाई. रागानं नाई. दिवा लावत, पोरीले खेळवत, भाजी देल्ली तं खात. एक टरक आला होता दोन दिवसानं, म्या हात पुसून दारात उभी राह्यली, पन ते बल्ब आपल्याच हातानं धरून राह्यले, तापते का नाई हे गालाले लावून पाहून राह्यले. पोळत असन. म्या पुढं जाऊ का नाई असं करत तिथंच उभी.

मंग टरकाइचंही येनं कमी झालं. पाटलानं जिथं तिथं सांगितलं होतं, त्या आंधळ्यानं माही रिले बिघडोली, माही बायको उन्हात मारली असती. रोडच्या त्या बाजूले एक नवा मिस्त्री बसला, तरनाताठा. पाटलाची गाडी तिकडं जाऊ लागली, मंग सारेच तिकडं. आबाजी मांडवात बसून राहत, रोडवरून गाडी गेली का आवाजावरून सांगत, हिचा प्लग गेला, हिची बॅटरी बसली. गाडी थांबत नव्हती. दिवाळीनंतर त्याइची पोरगी नाचनगाववरून आली अन् म्हने, बाबा, आता चाला.

जायच्या दिवशी सामान बांधून झालं होतं. त्याइची पोरगी शेजारी निरोप घ्याले गेलती. आबाजी वसरीत एकटे. म्या त्याइच्या पायापाशी जाऊन बसली, माह्याच्यानं राहवलं नाई.

म्या म्हनलं, "आबाजी, तो पेटला होता."

ते म्हने, "हळू बोल."

म्या म्हनलं, मी पाटलाले सांगते, मी जाऊन सांगते, तुमचं काम चांगलं होतं, सारं माह्यामुळं झालं. अन् मी रडाले लागली, मांडीवरची माही पोरगीही माह्या संगं रडाले लागली, तिले काय समजलं कोनाले मालूम.

आबाजीनं चाचपत पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. म्हने, "रिले गेली हे पाटलाले म्या सांगितलं, तू नाई. साऱ्या जिंदगीत एक डाव खोटं बोललो माय. आता मले खोटा पाडू नको."

म्या हो म्हनलं.

ते नाचनगावलेच वारले, तिकडं गेल्यावर तिसऱ्या का चौथ्या वर्सी. आमाले पंधरा दिवसानं समजलं. पोरीचे बाबा अजून पाटलाच्याच गाडीवर हाय, नवी गाडी घेतली पाटलानं, अन् कधी उन्हात बंद पडली का पाटील चार लोकात म्हनतात, अरे, मांगं एक आंधळा मिस्त्री होता आमच्याकडं. लोकं हासतात. मी तिथं असली तं खाली पाहते अन् आयकून घेते. इतके वर्सं आयकलं. आता दुसरं लेकरू मांडीवर हाय अन् हे लिहून राह्यली, पोरीच्या बाबाले इचारलं नाई, पाटलाच्या घरी छापलेलं सारं येते अन् पाटील वाचतात, मले लय भेव वाटून राह्यलं. पन आबाजीले म्या हो म्हनलं होतं, अन् आज त्याइले खोटं पाडलं.